देवळीतली कवळी

आमच्या गावाकडच्या घरात, पूर्वी चूल होती तिच्या वरच्या अंगाला भिंतीत एक देवळी आहे. तिथं पितळी वाटीत आईची कवळी अजून आहे. कवळी म्हणजे निम्मीच, खालची. वरची तिच्याबरोबर गेली. घराला दोनदा रंग दिला, चूल जाऊन गॅस आला, पण ती वाटी कुणी हलवली नाही. वहिनी दर दिवाळीला देवळी पुसतात, वाटी चिंचेनं घासतात आणि कवळी परत तिच्यात ठेवतात. का ठेवता, असं मी कधी विचारलं नाही.

गाव मंगळवेढ्याच्या पलीकडं. काळी रानं आणि मालदांडी ज्वारी. आमच्याकडं जेवण म्हणजे भाकरी, आणि परगावचं, अडीनडीचं जेवण म्हणजे कडक भाकरी. पुण्या-मुंबईच्या माणसाला ही भाकरी पाहुणचाराच्या ताटातच भेटते, म्हणून सांगतो. पीठ चांगलं मळून भाकरी पापडासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आरावर उभी करून तिच्यातलं पाणी पार जाईस्तोवर वाळवायची. अशी भाकरी पंधरा दिवस टिकते. मोडली की कौल फुटल्यागत आवाज होतो. संगं शेंगाची चटणी, उखळात कुटलेली, तेल सुटलेली. आईच्या हातची कडक भाकरी चार गावांत माहीत होती. लग्नाची याद करताना बाया आधी तिला विचारायच्या, मग तारीख धरायच्या.

मी सोलापूरला बोर्डिंगात शिकलो तो या भाकरीवर. दर शनिवारी गावच्या यष्टीनं डबा यायचा. डबा कसला, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली भाकरीची चवड. कंडक्टर ओळखीचा, तो फडकं सीटखाली ठेवायचा. मी स्टँडवर उभा. पोरं म्हणायची, तुझ्या भाकरीनं दाताला धार लागती. लागतच असावी. त्या वयात उसाचं कांडं सोलायला कोयता लागत नव्हता.

आईचे दात मात्र माझ्या आठवणीत कधी धड नव्हतेच. कारण मशेरी. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईस्तोवर भाजायचं, ते भाजताना परड्यातल्या शेळ्यांनाही ठसका लागायचा, मग चुरून बारीक करून डबीत भरायची. सकाळी उठल्यावर, दुपारी रानातनं आल्यावर, जेवल्यावर, निजताना. डाव्या तळव्यावर चिमूट आणि उजव्या हाताचं बोट हिरडीवर. गावच्या सगळ्या बायाच ओट्यावर अशा बसायच्या. दात दुखला की मशेरी, शौचाला होईना की मशेरी, भूक मारायची झाली की मशेरी. ती लावली की ठणका थांबायचा हे खरं. ठणका थांबायचा आणि खाली हिरडी सुटत जायची. आईचा एकही दात किडला नव्हता. सगळे पांढरेशुभ्र होते नि सगळे हलत होते, पडक्या विहिरीच्या दगडांसारखे. मग एखाद्या दिवशी भाकरी थापता थापता ती बोटं तोंडात घालायची, काहीतरी काढायची आणि उकिरड्यावर भिरकावून द्यायची.

माझा पहिला दात पडला होता तेव्हा तिनंच तो शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर फेकायला लावला होता. मी म्हटलं, "आये, तुझा पण टाक की कौलावर."

ती म्हणाली, "मला कशाला आता येत्यात? तुझं येतंय तेवढं बास."

पन्नाशीच्या पुढं-मागं तिचं तोंड मोकळं झालं. नेमकं कधी ते घरात कुणाला सांगता यायचं नाही. म्हातारीचे दात जाणं ही आमच्याकडं नोंद ठेवण्यासारखी गोष्ट नव्हती. ती कडक भाकरी करायची तशीच करत राहिली. स्वतः मात्र मऊ भाकरीचा पदर दुधात नाहीतर आमटीत कुस्करून गिळायची. चटणीकडं बघायचीसुद्धा नाही. हुरड्याच्या दिवसांत आम्ही आगटीभोवती बसायचो, दादा कणसं चोळून द्यायचा आणि ती आपला हुरडा खलबत्त्यात कुटून घ्यायची. "चव तीच हाय," म्हणायची. मी एकदा तिच्या बत्त्यातला चमचाभर खाऊन बघितला. चव ती नव्हती. हुरडा दाताखाली फुटतो तेव्हाच दूध सोडतो.

मला शाळेत नोकरी लागली, पगार सुरळीत झाला आणि १९९४ च्या दिवाळीत मी तिला कवळी करायला सोलापूरला घेऊन गेलो. मनात अभिमान होता, खोटं कशाला बोलू. गावात तोवर कवळी फक्त पाटलाच्या घरात होती. आई दवाखान्यात खुर्चीवर बसली ती पदर तोंडावर धरूनच. परक्या बाप्यापुढं मोकळं तोंड उघडायचं म्हणजे तिला कपडे उतरण्याइतकं जड गेलं. मापाचा लगदा तोंडात घातला तेव्हा तिला उमासे आले, डोळ्यांतनं पाणी, आणि तरी एका हातानं ती माझी बाही धरून होती. चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला दात बसले. आरशात बघितलं नि म्हणाली, "आगं बया, ही तर माझी आई."

तिची आई तरुणपणीच गेली होती. पूर्ण दातांनिशी.

वरची कवळी चांगली बसली. खालचीनं सुरुवातीपासून त्रास दिला. त्या वेळी मला याचं कारण माहीत नव्हतं, पुष्कळ वर्षांनी कळलं. वरची कवळी टाळूला चिकटून राहते, तिला धरायला मोठी जागा असते. खालचीला तशी जागाच नाही. घोड्याच्या नालासारखी ती नुसती हाडाच्या कडेवर बसलेली, आणि मध्ये जीभ सारखी हलणार, उचकटणार. त्यातून दात गेले की जबड्याचं हाडही झिजत जातं, आणि वरच्यापेक्षा खालचं जास्त. बांध वाहून गेलेल्या रानात पाणी थांबत नाही, तसं मग कवळी थांबत नाही. चुलतभावाच्या लग्नात आईनं मोठ्यानं उखाणा घेतला आणि नवऱ्याच्या नावापाशी खालची कवळी उसळून थेट तिच्या ओटीत पडली. मांडव हसून लोळला. आईही हसली. कवळी पदरानं पुसली, तोंडात घातली आणि नाव पुरं केलं.

मी दोन-तीन महिन्यांतून एकदा गावाला जायचो. यष्टी फाट्यावर थांबते, तिथनं घर पाच मिनिटं. घरी पोचलो की आई दारात, तोंडात दोन्ही कवळ्या, गालफडं भरलेली. माझ्याबरोबर जेवायला बसायची. हळूहळू चावायची. मी विचारायचो, "बसती का नीट?"

"झ्याक बसती की."

एकदाच, २००६ साली, मी निघताना म्हणाली, "बापू, ही खालची जरा हालती. डागदरला दावायची का?"

मी चपला घालत होतो. म्हटलं, "पुढच्या खेपेला बघू."

त्या वर्षी मी सोलापुरात घराचा वरचा मजला काढला होता. गवंडी, सळई, फरशी. पुढच्या खेपेला तिनं विषय काढला नाही आणि मलाही आठवण झाली नाही. तिच्या पुढच्या खेपेलाही नाही.

२०११ च्या मार्चमध्ये ती गेली. अंघोळ घातली, लुगडं नेसवलं. मावशी म्हणाली, "दात घाला रं तिचं. त्वांड बसल्यालं दिसतंय." देवळीतली वाटी मी काढली. वरची कवळी बसवली, बसली. खालची बसवायला लागलो तर ती बसेना. एकीकडून दाबली की दुसरीकडून उचलायची. मी बोटानं धरून ठेवली, सोडली, परत उचलली. लोक थांबलेले. घामानं माझे हात ओले झाले होते. तेव्हा वहिनी मागनं हळूच म्हणाल्या, "भावजी, ऱ्हाऊ द्या ती. ती कवा बसलीच न्हाई. तुमी यायचं असलं की घालायच्या. यष्टीचा हारन वाजला की देवळीकडं पळायच्या."

मी हातातली कवळी परत वाटीत ठेवली.

आता माझ्या दाताचं सांगतो. त्याशिवाय वरचं सगळं मी लिहिलंही नसतं.

२०१९ मध्ये माझी खालची डावी दाढ गेली. कशावर गेली? कडक भाकरीवरच. आधी रूट कॅनल केलेली, टोपी घातलेली दाढ. मूळच उभं चिरलं. सोलापूरच्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी दाढ काढली आणि जखम भरल्यावर समोर बसवून समजावलं. म्हणाल्या, सर, एक, तशीच मोकळी ठेवा. पण शेजारचे दात कलतील, वरची दाढ खाली उतरेल. दोन, पूल करू; पण त्यासाठी शेजारच्या दोन चांगल्या दातांना घासून बारीक करावं लागेल. तीन, काढता-घालता येणारा दात. चार, इम्प्लांट. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर दात. एका दाताचे तीस हजार.

तीस हजार म्हणजे त्या सालच्या भावानं दहाएक पोती ज्वारी. मी मास्तर असलो तरी हिशेब पोत्यांतच होतो. एका दाढेपायी दहा पोती! बायको म्हणाली, "आवं, शेजारचं दोन चांगलं दात कशाला घासताय? करा." केलं.

डॉक्टरीणबाईंना बोलायची हौस होती आणि मला ऐकायची. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाचे शास्त्रज्ञ होते. १९५२ साली ते सशाच्या पायाच्या हाडात रक्त कसं वाहतं ते बघत होते. त्यासाठी टायटॅनियमची एक लहानशी नळी हाडात बसवलेली. प्रयोग संपल्यावर ती महाग नळी परत काढायला गेले तर निघेना. हाड तिला घट्ट धरून बसलेलं. डिंक नाही, सिमेंट नाही, हाडच वाढून धातूला भिडलेलं. दुसऱ्यानं शिव्या घालून नवी नळी मागवली असती. त्यांनी विचार केला, की हाड या धातूला असं धरत असेल तर त्यावर दात का उभा करू नये? १९६५ साली गोस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या जबड्यात त्यांनी असे स्क्रू बसवले. तो माणूस २००६ साली वारला, तोवर ते टिकले.

२००६. मी तेव्हा चपला घालत होतो, हे डोक्यात येऊन गेलं.

प्रत्यक्ष काम तासाभराचं. आधी जबड्याचा स्कॅन, रक्तातली साखर, तंबाखू खाता का ही चौकशी. भूल दिली. हिरडी उघडली. मग हाडाला भोक पाडायचं यंत्र. दुखत नाही, पण आवाज कानातनं नाही, आतनं येतो. आमच्या रानात बोअर मारताना पायाखालची जमीन थरथरते तसा. भोक पाडताना वरून थंड पाण्याची धार सारखी चालू, कारण हाड तापलं तर मरतं आणि मेलेलं हाड स्क्रूला धरत नाही. शेवटी पान्यानं स्क्रू आवळला. टक, टक, टक. टाके घातले आणि म्हणाल्या, "आता तीन महिने त्याला विसरायचं."

कलम बांधल्यावर जसं रोज फडकं सोडून बघायचं नसतं. मी रोज जीभ लावून बघायचो.

याच तीन महिन्यांतल्या एका तपासणीला मी सहज आईच्या कवळीचं सांगितलं. उखाण्याचा किस्सा सांगितला, त्या हसल्या. मग हसू थांबवून त्यांनी टेबलावरचा औषधांच्या चिठ्ठ्यांचा कागद ओढला आणि खालचा जबडा काढला. पुढच्या बाजूला, सुळ्यांच्या जागी, दोन टिंबं.

"इथं फक्त दोन इम्प्लांट घालायचे, सर. अख्खे दात नाही बसवायचे. कवळी तीच, काढता-घालता येणारी. तिच्या आतल्या बाजूला दोन खोबणी. वरून दाबली की टिचबटण लागल्यागत बसते. मग हलत नाही."

"हे कधीपासून होतंय?"

"बरीच वर्षं झाली. कॅनडात मॉन्ट्रियलला २००२ साली तज्ज्ञ मंडळी जमली होती. त्यांनी सांगितलं, की खालच्या जबड्यात एकही दात नसेल तर निदान दोन इम्प्लांटवरची कवळी हीच पहिली निवड धरावी. सोलापुरात तेव्हा कोण करत होतं मला माहीत नाही. पुण्याला झालं असतं."

मी कागदाकडं बघत राहिलो. टिचबटण. आईनं आयुष्यभर स्वतःच्या चोळ्या स्वतः शिवल्या. टिचबटण कसं लावायचं हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

त्यांच्या लक्षात आलं असावं. म्हणाल्या, "मशेरी होती ना? मग हाड किती उरलं होतं, कुणी सांगावं. तंबाखूवाल्यांचे इम्प्लांट जास्त वेळा निकामी होतात. कदाचित जमलंही नसतं."

हे खरं आहे. जमलं नसतं असंही असेल. पण न जमणं वेगळं आणि न विचारणं वेगळं. वरच्या मजल्याच्या फरशीला माझ्याकडं पैसे होते. बरं, पैशाचं सोडा. मी नुसतं चपला काढून परत घरात गेलो असतो आणि "कुठं हालती, दाव" म्हटलं असतं तरी कळलं असतं की ती हलत नाही, ती बसतच नाही.

तीन महिन्यांनी स्क्रूवर दात चढवला. रंग शेजारच्या दातांशी इतका जुळलेला की बायकोला दाखवावा लागला. पुढच्या रविवारी गावाला गेलो. वहिनींनी ताटात कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा वाढला. मी भाकरीचा तुकडा मुद्दाम डावीकडं घेतला. फुटला. तोच आवाज. पण एक गोष्ट ध्यानात आली. भाकरीत बारीक कच लागली तर आपल्या दाताला ताबडतोब कळतं, आपण थांबतो. या दाताला तितकं कळत नाही. डॉक्टरीणबाईंना नंतर विचारलं तर म्हणाल्या, नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती जिवंत पापुद्रा असतो, दाब त्याला जाणवतो. स्क्रूला तो नसतो, तो थेट हाडात. चावायचं काम करतो, पण खडा कळायला बाकीच्या दातांवर भरवसा ठेवावा लागतो.

मी जेवत होतो आणि वहिनी समोर बसून बघत होत्या. त्यांच्या ताटात काय आहे ते मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघितलं. मऊ भाकरी, आमटीत कुस्करलेली.

"वहिनी, तुमचे किती राहिले?"

त्यांनी पदर तोंडावर घेतला. दादा म्हणाला, "खाली चार हायत. तेबी हालत्यात."

मी खिशातल्या डायरीचं पान फाडून जबडा काढला. दोन टिंबं. टिचबटणाचं सांगितलं. खर्च लाखाच्या आत बसतो, माझ्या फंडातनं करू, असंही सांगितलं. दादा काही बोलला नाही. वहिनींनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला. मग देवळीकडं बघितलं.

"बगू की, भावजी. पुढल्या खेपंला."

मी चटणीचं बोट चाटलं, हात धुतला आणि म्हटलं, "सकाळी साडेसहाची यष्टी आहे. पिशवी भरून ठेवा. नुसतं दाखवून यायचं आहे. हाड नसलं तर नाही म्हणतील, तुमचे चार दात ठेवायचे की काढायचे तेही त्याच सांगतील."

"आन् रानात खुरपणाऱ्या बाया येणार हायत की उद्या."

"दादा बघेल."

दादा म्हणाला, "बगतो की."

सकाळी फाट्यावर आम्ही दोघं उभे. अजून उजाडायचं होतं. वहिनींनी नवी साडी नेसलेली, डोक्यावरनं पदर. यष्टीचे दिवे वळणावर दिसले तशी त्यांनी कमरेची चंची चाचपली, डबी बाहेर काढली आणि मुठीत धरून माझ्याकडं बघितलं.

"भावजी, ही बरोबर घिऊ का न्हाई?"